जीपी पेशंट सर्व्हे: पाकीट आलं तर रद्दीत टाकू नका

जानेवारीत सासूबाईंच्या नावाने एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, पाकीट आलं. जाहिरात असेल म्हणून त्या रद्दीत टाकणार होत्या. उघडलं तर जीपी पेशंट सर्व्हेचा फॉर्म. जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. इंग्लंडमध्ये २००७ पासून हा सर्व्हे होतो, एनएचएससाठी इप्सॉस कंपनी तो करते. जीपीकडे नोंद असलेल्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या लोकांमधून नावं निघतात. आपण मागून फॉर्म मिळत नाही, म्हणून आलेला भरावाच.

आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. आईंना इंग्रजी छान वाचता येतं, इथे तीस वर्षं काढलीत त्यांनी. त्या सरसर ‘व्हेरी गुड’वर खुणा करत सुटल्या. "अगं, देवमाणूस आहे तो डॉक्टर. त्याचं वाईट कशाला लिहायचं?"

मग प्रश्न आला: उपचाराचा निर्णय घेताना तुम्हाला सामील करून घेतलं का? पेन थांबलं. ऑक्टोबरात त्यांची बीपीची गोळी बदलली होती. जुनी बंद करायची की दोन्ही घ्यायच्या, हे कोणी सांगितलंच नव्हतं. चार दिवस त्या दोन्ही घेत होत्या. ओट्यापाशी चक्कर आली तेव्हा मला कळलं. "माझंच विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही विचारायचं नव्हतं, त्यांनी सांगायचं होतं." बऱ्याच वेळाने त्यांनी ‘नाही’वर खूण केली. चहा तोवर पार गार झाला होता.

मला हा सर्व्हे आवडतो तो ह्यासाठीच. ‘डॉक्टर कसे आहेत’ विचारलं की आपली माणसं चांगलंच सांगणार. हा फॉर्म मात्र एकेक गोष्ट सुटी करून विचारतो: फोन लागला का, रिसेप्शनवर नीट बोलले का, डॉक्टरांनी ऐकून घेतलं का, आपुलकीने वागले का. २०२४ मध्ये शेवटच्या भेटीतल्या डॉक्टर-नर्सवर विश्वास वाटला म्हणणारे ९२ टक्के होते आणि फोनवर संपर्क करणं सोपं गेलं म्हणणारे जेमतेम ५०. दुखणं कुठे आहे, ते लगेच दिसतं.

दक्षिण आशियाई पेशंट ह्या सर्व्हेत कमी गुण देतात, तेव्हा ‘ह्या लोकांच्या अपेक्षाच जास्त’ असं म्हणणं सोपं असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी ते तपासलं. जीपी आणि पेशंटच्या भेटीचे तेच व्हिडिओ गोऱ्या ब्रिटिशांना आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांना दाखवले. पाकिस्तानी वंशाच्या लोकांनी गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा जास्त गुण दिले! म्हणजे प्रत्यक्षात त्यांना मिळणारी वागणूकच कमी पडत असणार. हे वाचल्यापासून मी ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात फॉर्म भरायला सांगते.

उणीव म्हणाल तर भरणारे फार थोडे. २०२४ मध्ये २५ लाखांवर लोकांना बोलावणं गेलं, उत्तरं आली सुमारे ७ लाख. एकेका प्रॅक्टिसच्या, म्हणजे जीपीच्या दवाखान्याच्या, वाट्याला शंभरेक उत्तरं येतात, त्यामुळे टक्के वर्षाला सहज वरखाली होतात. शिवाय २०२४ मध्ये प्रश्न बरेच बदलले, तेव्हा त्याआधीच्या आकड्यांशी तुलना करू नका.

घर बदलून नवा जीपी शोधत असाल तर सर्व्हेच्या वेबसाइटवर प्रॅक्टिसचं नाव टाका. आधी किती जणांनी उत्तर दिलं ते बघा, मग फोनचा आणि ‘ऐकून घेतलं का’चा आकडा. ‘एकूण अनुभव चांगला’ म्हणणाऱ्यांचे टक्के सगळ्यात शेवटी.