पहिला डेस्कटॉप डॅक-ॲम्प : आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात घेतलेल्या डॅक-ॲम्पला, म्हणजे संगणकातला डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून वाढवणाऱ्या खोक्याला, या महिन्यात आठ महिने झाले. घेतल्या घेतल्या लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण नवी वस्तू पहिले पंधरा दिवस चांगलीच वाजते. आता खोका रोज सहा-सात तास चालतो, एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्याने पाहिला आहे, म्हणून जे कळलं ते लिहिते. मॉडेलचं नाव देत नाही. वर्षभरात त्या जागी दुसरं मॉडेल येईल, पण निवडताना काय बघायचं ते बदलणार नाही.

मी घरून सबटायटलिंगचं काम करते. ठाण्याला नौपाड्यात जुन्या इमारतीत तिसरा मजला, खाली रिक्षांचा राबता, डोक्यावर पंखा. हेडफोन सेनहायझर एचडी ६००, मैत्रिणीकडून जुने घेतलेले. हे मॉडेल १९९७ पासून आहे आणि त्याचे कानाचे पॅड, केबल वगैरे सुटे भाग बदलता येतात, म्हणून जुने घ्यायला भीती वाटली नाही. त्यांचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम; तो जितका जास्त तितकं जास्त व्होल्टेज लागतं. ॲम्प लागेल की नाही, हा प्रश्न खरं तर या आकड्याने विचारला.

आधी मी टाइप-सीचं छोटं डोंगल वापरायचे, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक असलेलं. असं साधं डोंगल साधारण १ व्होल्ट देतं. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे ३०० ओहमला जेमतेम ३ मिलिवॅट. ऐकायला फारच कमी वाटतं, पण आजकालच्या गाण्यांना तेवढं पुरतं, ती आधीच ठासून मोठी केलेली असतात. माझी अडचण दुसरीकडे होती. कामाच्या फाइलींत संवाद खूप खाली असतात, आणि त्या ज्या प्लेअरमध्ये उघडायच्या त्यात आवाज वाढवायची सोय नाही. दुसरं म्हणजे बाबांच्या कॅसेट. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ओळखीच्यांकडच्या बैठकींत त्यांनी टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवून गाणी भरून घेतली, बहुतेक वेळा तबल्याच्या अगदी शेजारी. संगणकावर उतरवताना बायाँवरची एक थाप जपण्यासाठी सगळी पातळी खाली ठेवावी लागते, आणि गाणारा माणूस पार मागे जातो. डोंगल शंभर टक्क्यांवर, तरी मी श्वास रोखून ऐकत बसायचे.

नवा खोका ३०० ओहमला ४ व्होल्ट सहज देतो. व्होल्टेज चौपट म्हणजे शक्ती सोळापट, डेसिबलमध्ये १२. त्या १२ डेसिबलसाठी मी पैसे मोजले, आणि आठ महिन्यांत एकदाही पस्तावले नाही.

निवडताना सुरुवातीला मीही डॅकच्या चिपच्या मागे लागले होते, म्हणजे डिजिटलचा आवाज करणाऱ्या आतल्या भागाच्या. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात गेले, तर तिथले काका ओहमबद्दल चकार शब्द न काढता अर्धा तास चिपचेच नंबर सांगत राहिले. चिपला महत्त्व नाही असं नाही, पण पहिल्या खरेदीत ती पाचव्या-सहाव्या क्रमांकावर यावी. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका शहरात आसाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली. त्यानंतर तिथल्या एकेएम चिपची टंचाई झाली आणि कित्येक कंपन्यांनी आपल्या खोक्यांत ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिप बसवल्या. नाव जवळपास तेच, आतली चिप दुसरी, आणि लोक तेवढ्याच आनंदाने ऐकत राहिले. हे वाचल्यावर माझा चिपचा सोस संपला.

मी शेवटी तीन गोष्टी तपासल्या. माझ्या हेडफोनच्या ओहमला किती शक्ती मिळते (जाहिरातीत बहुतेकदा फक्त ३२ ओहमचा आकडा ठळक असतो). आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आत आहे का, कारण गाडीत वापरते ते इअरफोन १६ ओहमचे आहेत आणि ॲम्पचा इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा असा साधा हिशोब आहे. आणि गेनचं, म्हणजे ॲम्प आवाज किती पटीने वाढवेल ते कमी-जास्त करायचं, बटण आहे का. ७६८ किलोहर्ट्झ वगैरे सॅम्पलिंगचे आकडे (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) मी सोडून दिले. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि तरुण, धडधाकट कानही २० च्या पुढे ऐकत नाही.

आता तो प्रसंग, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

पहिल्याच आठवड्यात रात्री आवाजाचा नॉब फिरवताना बोटाला बारीक झिणझिण्या आल्या. खोका ॲल्युमिनियमचा. लॅपटॉपचा चार्जर काढला की झिणझिण्या बंद, लावला की परत. मग खोक्यामागच्या आरसीए जॅकला माझे जुने पॉवर्ड (स्वतःचा ॲम्प असलेले) स्पीकर जोडले. त्यांची तीन पिनांची वायर पलीकडच्या भिंतीतल्या सॉकेटला होती. स्पीकर जोडताच झिणझिण्या गायब, पण स्पीकरमधून एकसारखी घुंईऽ सुरू. मला वाटलं खोकाच बिघडलेला निघाला, परत पाठवायला पेटीसुद्धा काढून ठेवली.

इमारतीत नेहमी येणाऱ्या इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी होल्डरला दोन वायरी लावलेला दिवा आणला होता. टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगला लावला, काहीच नाही. "ताई, इथलं अर्थिंग नुसतं नावाला आहे," म्हणाले. बोर्ड उघडला तर मागे हिरवी वायर वेटोळं करून कोपऱ्यात सारलेली, टोकावर चुन्याचा थर. ती कधी जोडलीच नव्हती.

मग उलगडा झाला. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून विजेची किंचित गळती होते आणि ती अर्थिंगमधून निघून जाणं अपेक्षित असतं. वाट बंद असली की लॅपटॉपचा धातू आणि यूएसबी केबलमधून खोक्याचा धातू अधांतरी राहतो, आणि बोटाला चावतो. स्पीकर जोडले तेव्हा त्या गळतीला स्पीकरच्या चांगल्या अर्थिंगची वाट सापडली, पण ती वाट ऑडिओ केबलमधून जात होती, म्हणून घुंई. त्यांनी हिरवी वायर जोडली, सगळे प्लग मी एकाच बोर्डावर घेतले, आणि दोन्ही तक्रारी त्या संध्याकाळी संपल्या. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, खोका परत पाठवण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. तो दिवा नुसता ऑडिओसाठी नाही, जिवासाठीही लावून बघायला हवा होता.

खोक्याच्या स्वतःच्या उणिवाही सांगते. नॉब अगदी खाली असताना डावा कान उजव्यापेक्षा मोठा वाजतो. नॉबमागे साधं पोटेन्शिओमीटर (फिरवून अडथळा कमी-जास्त करणारा भाग) असलं की असा फरक राहतो. एचडी ६०० वर कळत नाही, कारण नॉब तिथे कधी नसतोच. इअरफोन लावले की कळतो, म्हणून तेव्हा गेन कमी करते आणि विंडोजचा आवाज निम्म्यावर आणते, मग नॉब वर घेता येतो. गेन जास्तवर इअरफोनमध्ये सळसळही येते. समोरचा निळा दिवा रात्री डोळ्यात जातो, त्यावर कागदी चिकटपट्टी लावली आहे. मे महिन्यात खोका चांगलाच तापायचा. लॅपटॉपच्या स्टँडखालून काढून मोकळ्या जागी ठेवल्यावर बरा राहिला.

आवाज सुधारला का? एका रविवारी भाच्याला बसवून खोका आणि डोंगल यांची परीक्षा घेतली. दोन्हींची पातळी मल्टीमीटरने जुळवली. साधे मल्टीमीटर घरच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या आसपास नीट मोजतात, म्हणून ६० हर्ट्झचा सूर वाजवून मापं घेतली. नीट भरलेलं, पुरेशा पातळीचं गाणं लावून बारा वेळा ओळखायचा प्रयत्न केला, सात बरोबर आले. म्हणजे अंदाजच. ज्याचे हेडफोन ३२ ओहमचे आहेत आणि ऐकणं नव्या गाण्यांचं आहे, त्याने डोंगलवरच राहावं असं मी मनापासून सांगेन. वाचलेले पैसे पं. राम मराठे महोत्सवाच्या दिवसांत गडकरी रंगायतनला जाण्यायेण्यात घालवावेत.

एक काळजी मात्र घ्या. हातात एवढी शक्ती आली की नकळत आवाज चढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि माझं काम जवळपास तेवढेच तास चालतं. म्हणून हेडफोन कानावर चढवण्याआधी नॉब शून्यावर, ही सवय लावून घेतली.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. मार्चमध्ये त्यांना पहिल्यांदा या खोक्यावर त्यांचीच एक कॅसेट ऐकवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एका कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाले, "अगं, तंबोऱ्याचा पंचम उतरलाय. गाण्यापुढे आम्ही कुणीच ऐकला नव्हता." मी परत लावलं. जवारीच्या मागे, अगदी खाली, पंचम खरंच उतरलेला होता. अजून ४१ कॅसेट उतरवायच्या आहेत, आणि आता संध्याकाळी सातनंतर खुर्ची त्यांची असते.