एका बसबारवर दोन गॅस जनरेटर : १४ महिन्यांनंतर

चाकणजवळच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये २५० केव्हीएचे दोन गॅस जनरेटर लागून आता १४ महिने झाले. दोन्ही सेट एकाच मेकचे, पाइपच्या गॅसवर चालणारे, आणि एकाच बसबारला (जिथून सगळा लोड वाटला जातो ती सामायिक पट्टी) जोडलेले. दोघांची वीज जुळवून एकत्र जोडणारं सिंक पॅनल मात्र वेगळ्या पॅनलवाल्याकडून करून घेतलं. मेक कोणता ते लिहीत नाही, कारण झालेल्या त्रासातला बराचसा सेटचा नव्हताच. दिवसा आमचा लोड २४० किलोवॅटच्या आसपास, रात्री ९०. एकच मोठा सेट घेतला असता तर रात्रभर तो अर्धपोटी चालला असता, आणि गॅस इंजिनला ते मानवत नाही. म्हणून दोन. डिझेलचा साठा नको आणि टाकीतून रात्रीत कमी होणारे लिटरही नकोत, हा हिशेब होताच.

सिंक होण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. दोन्ही विजेची जुळणी दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरतो. फ्रीक्वेन्सीतला फरक ०.१ हर्ट्झ असेल तर एका फेरीला १० सेकंद लागतात. काटा बाराच्या जवळ आला की एसीबी (सेटला बसबारशी जोडणारा मोठा ब्रेकर) लागतो. नीट लागला तर नुसतं ‘टक’ होतं, लाइटसुद्धा लुकलुकत नाही. खरी डोकेदुखी त्याच्या पुढे सुरू होते, दोघांनी लोड वाटून घ्यायच्या वेळी.

सुरुवातीलाच सर्व्हिसवाल्याने एक गोष्ट सांगितली होती, ती मी पॅनलच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवली आहे : ‘किलोवॅट बिघडले तर गव्हर्नर आणि गॅस बघ, केव्हीएआर बिघडले तर एव्हीआर बघ.’ गव्हर्नर इंजिनचा वेग सांभाळतो, एव्हीआर अल्टरनेटरचं व्होल्टेज. केव्हीएआर म्हणजे मोटरसारख्या लोडला लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी पण वायरीतून वाहणारी वीज. सेट एकटा चालत असताना एव्हीआरचा पॉट (सेटिंगचा स्क्रू) फिरवला की व्होल्टेज हलतं. दोघं बसवर असताना तोच पॉट फिरवला तर व्होल्टेज जेमतेम हलतं, केव्हीएआर मात्र इकडून तिकडे जातात. गव्हर्नरचंही तसंच. नुसते अँपिअर बघून स्क्रूड्रायव्हर उचलणाऱ्या माणसाला मी आता पॅनलजवळ फिरकू देत नाही.

पहिला मोठा झटका दुसऱ्या महिन्यात बसला. अमोनियाचा ७५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दोन नंबरचा सेट रिव्हर्स पॉवरवर (म्हणजे वीज देण्याऐवजी घ्यायला लागल्यामुळे) ट्रिप व्हायचा, मग सगळा लोड एक नंबरवर, मग तोही बसायचा. लाइट जायच्या दिवशी हे तीनदा झालं. पॅनलवाला म्हणाला गव्हर्नरचं ट्यूनिंग बिघडलंय, सेटवाला म्हणाला पॅनलचं सेटिंग चुकलंय. दोघांनी आपापले आकडे बदलून पाहिले, फरक शून्य. आमचा वायरमन मात्र सेटच्या शेजारी उभा राहून आवाज ऐकत होता. तो म्हणाला, “साहेब, दोन नंबर दम सोडतोय. ह्याला गॅस पुरत नाही.”

मग आम्ही पारदर्शक नळी यू आकारात वाकवून लाकडी पट्टीला बांधली, त्यात पाणी भरलं आणि गॅसवाल्या एजन्सीच्या माणसाकडून दोन नंबरच्या टेस्ट निपलला (गॅसचा दाब मोजायच्या तोंडाला) जोडून घेतली. सेट बंद असताना पाण्यात २५ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे साधारण २५ मिलिबार. दोन्ही सेट लोडवर असताना २०. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पाणी डोळ्यांदेखत खाली आलं, १६ वर जाऊन थरथरायला लागलं. तेवढ्यात ट्रिप. एक नंबरच्या निपलवर हाच प्रयोग केला तर २१ च्या खाली गेलं नाही. रेग्युलेटरपासून सेटपर्यंत ३० मीटर पाइप होता, तोही ५० एमएमचा, दोघांना मिळून एकच. एक नंबर वाटेत, दोन नंबर शेवटाला. पूर्ण लोडला दोघांना मिळून तासाला ११० घनमीटरच्या घरात गॅस लागतो. एका सेटपुरता तो पाइप ठीक होता, दोघांना तोकडा. दोन नंबरचा थ्रॉटल पूर्ण उघडायचा, पण आत गॅसच नाही. मिश्रण पातळ, मिसफायर, मग इंजिनने अल्टरनेटर फिरवायच्या ऐवजी अल्टरनेटर इंजिनला फिरवायला लागायचा. रिव्हर्स पॉवर रिलेने आपलं काम चोख केलं होतं, शिव्या मात्र त्यालाच बसल्या.

परवानाधारक एजन्सीकडून ८० एमएमचा हेडर (मुख्य पाइप) टाकून घेतला, प्रत्येक सेटला वेगळा रेग्युलेटर दिला, गळतीची चाचणी केली. शिवाय कॉम्प्रेसरला स्टार-डेल्टा काढून सॉफ्ट स्टार्टर लावला. डिझेलचा सेट लोड आला की काळा धूर ओकून उचलतो. गॅसचा सेट आधी विचार करतो. त्याला लोड टप्प्याटप्प्याने द्यावा लागतो, हे विकणारा ठळकपणे सांगत नाही. या दोन कामांनंतर तो ट्रिप पुन्हा आलेला नाही.

दुसरी भानगड आठव्या महिन्यात झाली, आणि ती आमच्याच हाताने. दोन नंबरच्या अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये केबल लग जळाले होते, ते बदलले. सेट सुरू केला, सिंक झाला, दोघं १२०-१२० किलोवॅटवर. सगळं छान. अर्ध्या मिनिटात अँपिअर फाकायला लागले. दोघंही १९० वर असायला हवे होते, तर एक नंबर २६७ वर, दोन नंबर १६८ वर, आणि आकडे थांबेनात. किलोवॅट मात्र तेच. एक नंबरचा पीएफ (पॉवर फॅक्टर) ०.६२ पर्यंत घसरला, दोन नंबरचा लीडिंगला गेला, म्हणजे तो केव्हीएआर देण्याऐवजी घ्यायला लागला. दारावरचं वाक्य वाचलं : एव्हीआर. सर्व्हिसवाल्याने एव्हीआर बदलला, बिल लावलं, दुखणं तिथेच.

शेवटी दोन नंबर एकटाच चालवून त्यावर मोटरचा लोड टाकला. ड्रूप सीटी (लोडचा करंट बघून एव्हीआरला व्होल्टेज थोडं उतरवायला लावणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बरोबर असेल तर असा लोड आला की व्होल्टेज किंचित उतरायला हवं. आमचं ४१५ वरून ४२१ वर चढलं. ड्रूप सीटीच्या दोन वायरी, एस-१ आणि एस-२, लग बदलताना उलट लागल्या होत्या. सेट बंद करून वायरी अदलाबदल केल्या, पाच मिनिटांचं काम. (सेट चालू असताना सीटीची वायर चुकूनही सोडू नका. उघड्या सीटीवर जीवघेणं व्होल्टेज येतं.) त्याच वेळी फेज सीक्वेन्सही (तीन फेजचा क्रम) मीटरने तपासला. केबलला हात लागला की ते न बघता सिंक करणं म्हणजे अल्टरनेटरची वाट लावणं.

बारीकसारीक गोष्टी आणखी होत्या. पावसाळ्यात दोन्ही कंट्रोलर मधूनच एकमेकांशी बोलणं बंद करायचे आणि सेट ड्रूपवर जायचे, म्हणजे लोडप्रमाणे फ्रीक्वेन्सी थोडी उतरू देऊन आपापला वाटा उचलायचे. दोघांची नो-लोड फ्रीक्वेन्सी ०.३ हर्ट्झने वेगळी होती, तेवढ्यावर लोडमध्ये ३० किलोवॅटचा फरक पडायचा. सप्लाय बंद करून कम्युनिकेशनच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजले तर ६० यायला हवेत, आले १२०. एका टोकाचा टर्मिनेशन रेझिस्टर कुणी लावलाच नव्हता. रात्रीच्या कमी लोडला पीएफ सुधारणारी कपॅसिटर बँक तशीच जोडलेली राहून व्होल्टेज चढायचं, म्हणून जनरेटर चालू असेपर्यंत बँक बंद राहील असा इंटरलॉक केला. आणि स्पार्क प्लगची गॅप वाढली की ते आधी कानाला कळत नाही, किलोवॅटच्या आकड्याला कळतं. तो तीन-चारने सारखा वरखाली व्हायला लागला की मी प्लग काढायला सांगतो.

घ्यावा का? आमच्यासारखा लोड असेल तर हो. पण ऑर्डर देताना गॅसच्या पाइपचा हिशेब दोन्ही सेट पूर्ण लोडवर धरून लेखी मागा, आणि कमिशनिंगच्या (सेट चालू करून ताब्यात घ्यायच्या) दिवशी लोड बँक (चाचणीसाठी कृत्रिम लोड देणारं यंत्र) आणून दोघांना बरोबर चालवून दाखवल्याशिवाय सही करू नका. आम्ही २० मिनिटं रिकामे सेट चालवून पेढे वाटले होते.

एक दुखणं अजून उरलं आहे. थंडीत पहाटे एक नंबर सुरू केला की सुरुवातीची दोन मिनिटं हंटिंग करतो (वेग सारखा वरखाली होतो), काटा पुढे-मागे डुलत राहतो आणि कधीकधी ‘सिंक फेल’चा अलार्म येतो. जॅकेट वॉटर हीटर चालू आहे, प्लग नवे आहेत. सध्या संशय थ्रॉटल हलवणाऱ्या ॲक्चुएटरच्या लिंकेजवर आहे, बुशमध्ये हाताला किंचित खेळ लागतो. पुढच्या गुरुवारी शटडाऊन आहे, तेव्हा दोन्ही सेटचे ॲक्चुएटर अदलाबदल करून बघणार आहोत. डुलणं दोन नंबरवर गेलं की चोर सापडला.