पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प: चॅम्प की डिलक्स?

घरी गिटारचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प बांधायचा ठरलंय, पण फेंडर कंपनीचं चॅम्प (मॉडेल ५एफ१) सर्किट घ्यावं की डिलक्स (५ई३), इथे बरेच जण अडतात.

खर्च व्हॉल्व्हपेक्षा ट्रान्सफॉर्मर वाढवतात. चॅम्पला तीन व्हॉल्व्ह, डिलक्सला पाच. पण डिलक्सचे ट्रान्सफॉर्मरही मोठे आणि स्पीकर आठऐवजी बारा इंची. पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे २३० व्होल्टचाच हवा.

मेहनतीत चॅम्प सोपा: एकच नॉब, मोजके भाग, चूक पटकन सापडते. मात्र एकट्या ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हमुळे वीजपुरवठ्याची गुणगुण जास्त ऐकू येते. डिलक्समधली दोन ६व्ही६ची पुश-पुल (एकमेकांविरुद्ध दिशेने काम करणारी) जोडी ती बरीच मारते. बायस (पॉवर व्हॉल्व्हमधून स्थिर वाहणारा करंट ठरवणारी जुळणी) दोन्हींत वेगळा जुळवावा लागत नाही.

आवाजात मला डिलक्सच आवडतो. त्याच्या दोन चॅनेलपैकी (गिटार जोडायच्या वाटांपैकी) न वापरलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवला तरी टोन बदलतो, आणि त्यात वाजवणाऱ्याला खूप काही सापडतं.

दोन्हींत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) उरतो. मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालू नका.

पहिल्यांदाच सोल्डरिंग करणाऱ्याला, घरात वाजवणाऱ्याला चॅम्पचे ५ वॅट पुष्कळ. ड्रमरसोबत वाजवायचं असेल तर डिलक्सच बांधा.