नवी चासी घालावी की जुनी जीप उभी करावी?

स्वतःच्या हातची गाडी हवी असा नाद लागला की कोल्हापुरात समोर दोन वाटा असतात. चौकोनी पाइपची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, घालून दोन सीटची उघडी गाडी शून्यापासून बांधायची, नाहीतर कागद चालू असलेली जुनी जीप घेऊन ती नट-बोल्टापासून उभी करायची. मी दोन्ही केलंय. पहिली विकली, दुसरी दारात उभी आहे. दोन्हींवर जीव लावला, म्हणून आधीच सांगतो: रस्त्यावर फिरायचं असेल तर जीप घ्या. बांधायला शिकायचं असेल तर चासी घाला, पण ती चालणार कुठं आणि शेवटी जाणार कुणाकडे, हे पहिला पाइप कापायच्या आधी ठरवा.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण तिथं सगळ्यात शेवटी पोचतात. किट कार म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी. तिचं माहेर इंग्लंड. १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांत विकत मिळायची, कारण तशी घेतली की खरेदी कर लागत नसे. १९७३ पासून तीच गाडी कॅटरहॅम ही कंपनी बनवते. तिकडे घरी बांधलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी होते आणि पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम उत्पादकाच्या नमुना गाडीची चाचणी मागतो, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेकडून. एका गाडीसाठी तेवढा खटाटोप आपल्या आवाक्यातला नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी जीप केली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्रा कंपनीच्या आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं. ती नियमांत बसत नाही हेही त्यांनी त्याच वेळी लिहिलं आणि बदल्यात बोलेरो दिली. एवढं नाव झालेल्या गाडीचं हे, मग आपल्या गाडीला एमएच-०९ हा कोल्हापूरचा नंबर कुठून मिळणार? माझी गाडी पाणंदीत चालली आणि ट्रेलरवर घालून नेली तर खासगी मैदानात. एवढ्यावर तुमचं समाधान होणार असेल तरच पुढचा विचार करा.

बांधायला मात्र कोल्हापूरसारखं गाव नाही. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत वेल्डिंग, आणि चाकाचा हब ओतून घ्यायचा तर शिरोलीला फाउंड्र्या. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल मी ओम्नीचा घेतला. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून या कामाला ओम्नी मारुती ८०० पेक्षा सोयीची. फक्त गिअरचं लिंकेज, म्हणजे दांड्यांची जोडणी, नव्यानं करावं लागतं, कारण ओम्नीत चालक पुढं बसतो आणि इथं गिअरबॉक्सच्या मागं. वेल्डर नीट पारखून घ्या. उसाची ट्रॉली करणाऱ्याचा हात जाड लोखंडाला बसलेला असतो, १.६ मिमी जाडीच्या पाइपला त्यानं रॉड लावला की भोक पडतं. मला पातळ पत्र्याला चालणारं, वायूच्या आवरणातलं सीओटू वेल्डिंग करणारा शोधावा लागला.

पहिल्यांदा पाणंदीत काढली तेव्हा उजवं चाक खड्ड्यात उतरलं की स्टिअरिंग आपोआप फिरायचं. चाक वर-खाली होताना टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगची चाकाला जोडणारी दांडी, एका कमानीत फिरतो आणि विशबोन, म्हणजे चाक धरणारा सस्पेन्शनचा हात, दुसऱ्या. दोन्ही जुळल्या नाहीत की चाकाचं तोंड वळतं. स्प्रिंग काढली, हबला प्लायवूडची सरळ फळी बांधली, जॅकनं थोडं थोडं उचलत फळीच्या दोन्ही टोकांचं भिंतीपासूनचं अंतर वहीत लिहीत गेलो. स्टिअरिंगच्या रॅकखाली ६ मिमीची पट्टी, मग ९ ची, मग १२ ची. बाराला फळी वळायची थांबली. चार रविवार गेले त्यात, आणि आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या कामांनी दिलाय.

हे सुख जीपमध्ये नाही. तिथं सुधारणा म्हणजे मूळ होतं तसं परत करणं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, कंपनीनं दिलेल्या रचनेत आपल्या मनानं बदल करता येत नाही. म्हणून घेतानाच इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. महिंद्राच्या एमएम ५४० जीपला मूळ प्यूजोचं डिझेल इंजिन. मधल्या मालकानं दुसरं बसवून नोंद केली नसेल तर ती भानगड तुमच्या गळ्यात येते. चासी नंबर घासून स्वच्छ करा, कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा काढा. एकही आकडा धूसर असेल तर सौदा सोडा. आणि चासीच्या पोकळीत बोट घाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उभी राहिलेली गाडी वरून कितीही रंगवलेली असो, आत वाळलेला गाळ सापडतो.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण मग रोजच्या वापराला ती काढता येत नाही. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा माणसं ज्या मायेनं तिच्याकडे बघतात, ते पाहून अनेकांना मूळ स्वरूपाचं मोल कळतं.

विकताना दोन्ही वाटांतला फरक सगळ्यात जास्त बोचतो. जीपला मालकी बदलायचे फॉर्म २९, फॉर्म ३० आणि गिऱ्हाईक, एवढं पुरतं. नीट केलेली जीप घातलेल्या पैशांतला बराच भाग परत देते. माझ्या बांधलेल्या गाडीत २ लाख २५ हजार गेले, हातात ८० हजार आले, तेही सात महिने वाट पाहून. गडहिंग्लजकडच्या एका बागायतदारानं मळ्यात फिरवायला नेली. त्याच्याकडून लिहून घेतलं की ही गाडी नोंदणीकृत नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही. तुम्हीही लिहून घ्या.

आणि तरीही चासीच घालायची ठरली, तर ज्या ओम्नीचं इंजिन काढणार तिची आरसी आधी रद्द करून घ्या. गाडी मोडली की चौदा दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. तिची नंबरप्लेट नव्या गाडीला लावायचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास कुणीतरी देतो. तो ऐकू नका; प्लेट आरसीबरोबर आरटीओत जमा करा आणि पोच जपून ठेवा.