बडोदं बाहेर पसरू द्यायचं की आतच उंच करायचं? वांधा-अरजी (हरकतीचा अर्ज) लिहिण्याआधी वाचा

शहराच्या विकासाच्या नवीन प्लॅनचा नकाशा लागला की आपल्या लोकांत लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो शहर बाहेर पसरू द्या, पश्चिमेकडच्या भायली-सेवासीच्या पुढे अजून टीपी (टाउन प्लॅनिंग स्कीम) टाका, निदान पोरांना मोकळी घरं तरी मिळतील. दुसरा म्हणतो शेतं कशाला खाताय, शहरातल्या जुन्या सोसायट्या पाडून उंच बांधा. तिसरा विचार फारसा कुणी बोलत नाही, तो म्हणजे जिथे काम आहे तिथे घरं. तुमचं मंडळ किंवा सोसायटी सूचना पाठवणार असेल तर एका अर्जात सगळंच मागून चालत नाही, आधी काय मागायचं ते ठरवावं लागतं, म्हणून हे लिहितेय.

माझं मोजमाप आधीच सांगते. बडोद्यात हिरवी जागा म्हणजे नुसती बाग नाही, ती पाण्याची जागा आहे. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती, किती घरांत चिखल झाला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळे कुठलाही प्लॅन समोर आला की मी पहिलं हेच बघते की पाणी कुठे थांबणार आणि कुठून जाणार, घरं किती आणि नोकऱ्या किती हे त्याच्यानंतर.

बाहेर पसरणं, म्हणजे टीपी स्कीम

ही पद्धत मुळात चांगली आहे हे मान्य केलंच पाहिजे. गुजरातच्या १९७६च्या कायद्यात सरकार सगळी जमीन हिसकावून घेत नाही, सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून त्यातून कपात करतात आणि उरलेली नीट आकाराचा फायनल प्लॉट म्हणून मालकाला परत देतात, शेतकरी मालकच राहतो आणि रस्ता पण निघतो. कायद्यात वाटणी अशी आहे: १५ टक्के रस्ते, ५ टक्के बागा-मैदानं, ५ टक्के शाळा-दवाखाने वगैरे, १५ टक्के विकून खर्च काढायला, आणि गरिबांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत राखीव ठेवायची वेगळी सोय.

आता ते ५ टक्के नीट बघा, सगळी मेख तिथे आहे. १०० हेक्टरची स्कीम असेल तर बागेला ५ हेक्टर. ते ५ हेक्टर २० तुकड्यांत वाटले तर एकेक तुकडा अडीच हजार चौरस मीटरचा, त्यात वॉकिंग ट्रॅक, चार बाकडी आणि व्यायामाची मशीनं बसतात, पुराचं पाणी बसत नाही. तेच ५ हेक्टर गावच्या तलावाला लागून किंवा कांसच्या, म्हणजे पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणाऱ्या जुन्या उघड्या नाल्याच्या, दोन्ही बाजूंना सलग ठेवले तर पोरं खेळतील पण आणि पावसाळ्यात दोन दिवस पाणी थांबेल पण. कायदा दोन्हीला सारखाच पास करतो, फरक पडतो तो नकाशावर. कितीतरी वेळा बागेचा प्लॉट म्हणजे दोन रस्ते तिरके मिळतात तिथला तिकोनी कोपरा असतो, कारण तो बिल्डरला नको असतो.

आणि कांस! भूखी, मसिया, रूपारेल ही नावं आपल्याला फक्त जुलैत आठवतात. असा उघडा नाला बुजवून पाइपमध्ये घातला की वर रस्ता छान दिसतो, पण पाइपच्या मापापेक्षा जास्त पाणी आलं की ते लोकांच्या पार्किंगमध्ये जातं.

बाहेर जाण्याचा दुसरा तोटा रोजचा आहे. घरं वाढतायत पश्चिमेला आणि कारखाने आहेत मकरपुऱ्यात, वाघोडियाला, सावलीला, म्हणजे रोज सकाळी नदी आणि रेल्वे दोन्ही ओलांडून जा. आणि अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) पाण्याने भरलं की सगळी गाड्यांची लाइन दुसऱ्या पुलावर.

आत उंच बांधणं

इथे फायदा सरळ आहे, पाणी, ड्रेनेज, शाळा, बस सगळं आधीपासून आहे, आणि आईवडिलांना सोडून लांब जावं लागत नाही, दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या घरांना हे लगेच कळेल. २०१८ पासून २५ वर्षं जुनी इमारत असेल आणि ७५ टक्के सभासदांची संमती असेल तर रीडेव्हलपमेंट करता येतं, एखाददोन जणांमुळे अडून राहत नाही.

पण जुन्या सोसायटीत काय होतं ते जवळून बघा. आधी प्रत्येक टेनामेंटपुढे (जुन्या बैठ्या घरापुढे) थोडी माती असते, एक लिंब, कुणाकडे आसोपालव, पाणी तिथेच जिरतं. नवीन टॉवरमध्ये कडेपासून कडेपर्यंत बेसमेंट खोदतात, वर स्लॅब, स्लॅबवर कुंड्या. कागदावर हिरवळ दाखवलेली असते पण जमिनीत एक थेंब उतरत नाही. म्हणून सूचनेत 'झाडं लावा' असं मोघम लिहू नका, बेसमेंटशिवायची मोकळी माती किती ठेवणार ते विचारा. आणि समा, परशुराम भठ्ठा, वडसरसारख्या नदीकाठच्या सखल भागात अजून माणसं भरायला मी तरी कधीच हो म्हणणार नाही, उंच जमिनीवर खुशाल बांधा.

कामाजवळ घरं

मला हा सगळ्यात बरा वाटतो. टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, सावली-हालोलकडे पण इंजिनिअरिंगची कामं आहेत. पण तिथे काम करणारी मुलं आजूबाजूच्या गावांत एका खोलीत चार-चार जणं राहतात, नाहीतर शहरातून कंपनीच्या बसने जातात. घर जवळ असलं तर बायकांना पण नोकरी धरता येते, शाळा सुटायच्या वेळेला घरी पोचता येतं, हे मी माझ्या आसपास बघतेय. अट एकच, नंदेसरीसारख्या केमिकलच्या जागेला घरं चिकटवायची नाहीत, तिथे मधे झाडांचा रुंद पट्टा हवाच. मशिनिंग, असेंब्ली अशा कामांशेजारी राहायला हरकत नाही. अडचण अशी की तिथे अजून चांगला दवाखाना, शाळा कमी, म्हणून घरांबरोबर तेही त्याच अर्जात मागावं लागेल.

मग अर्जात काय लिहायचं

माझा क्रम असा: आधी कामाजवळची घरं, मग शहरात उंच जमिनीवरचं रीडेव्हलपमेंट, आणि बाहेरच्या टीपीला हो फक्त तेव्हाच जेव्हा ५ टक्के जागा तलाव-कांसला लागून सलग दिलेली असेल. तुमची जमीन भायलीकडे असेल तर तुम्हाला हा क्रम पटणार नाही, समजू शकते, कपात तुमचीच होते. पण मग तुम्हीच मागा की माझ्या जमिनीतून कापलेली बाग तिकोनी कोपऱ्यात नको.

मुदतीकडे लक्ष ठेवा, डेव्हलपमेंट प्लॅनच्या ड्राफ्टवर दोन महिने असतात पण टीपीच्या ड्राफ्टवर एकच महिना, आणि तो गणपती-नवरात्रात कसा जातो कळत पण नाही. अर्जात फायनल प्लॉटचा नंबर टाका, तिथे पाणी कुठवर आलं होतं त्याचा तारखेसकट फोटो जोडा. नदीजवळचा भाग असेल तर एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) मे २०२१चा विश्वामित्रीवरचा आदेश लिहा, त्यात पूरक्षेत्र आणि कोतरं (नदीकाठच्या घळी) राखायला सांगितलंय. प्रत्येक घराने आपली वेगळी अरजी द्यावी आणि दिल्याचा शिक्का मारलेली कॉपी घरी ठेवावी.