जळगावातले जुझेप्पे: एका पिझ्झा दुकानाबद्दल

पिझ्झा ठीक, भरीत उत्तम, कोल्ड कॉफीच्या वाटेला जाऊ नका. घाईत असाल तर एवढं वाचून निघालात तरी चालेल.

रिंग रोडच्या आतल्या गल्लीत हे दुकान उघडलंय. मालक माझा जुना विद्यार्थी. त्यामुळे झुकतं माप पडेल अशी शंका येणं साहजिक आहे, पण वर्गातही मी त्याला फुकटचे गुण दिले नव्हते. बरीच वर्षं तो जहाजावरच्या किचनमध्ये होता. तिथल्या इटालियन शेफचं नाव जुझेप्पे. त्याच्या प्रेमापोटी याने मेन्यूतल्या प्रत्येक पदार्थाला कुठल्या ना कुठल्या जुझेप्पेचं आडनाव देऊन टाकलंय. तिकडे हे नाव गल्लोगल्ली सापडतं, तेव्हा आडनावांचा तुटवडा पडायचं कारण नाही.

बरं, नावं नुसती चिकटवलेली नाहीत. लहान मुलांसाठी सहा इंची पिझ्झा आहे, त्याचं नाव पियात्झी. जुझेप्पे पियात्झीने 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोच्या वेधशाळेतून सेरेस शोधला. सेरेस आधी ग्रह म्हणून मिरवला, मग लघुग्रहांत जमा झाला आणि 2006 पासून बटुग्रह आहे. बटुग्रहाच्या नावाचा बटू पिझ्झा! गॅरिबाल्डी म्हणजे लाल मिरचीच्या ठेच्याचा. 1860 मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी हजारेक स्वयंसेवक घेऊन गॅरिबाल्डी सिसिलीत उतरला, ते लाल सदऱ्यांसाठीच ओळखले जातात. ठेच्यात लसूण सढळ हाताने घातलाय, बेस मात्र जाड आणि कडेला कच्चट.

तिखट किती हवं ते इथे मर्कलीत, म्हणजे भूकंपाच्या तीव्रतेच्या श्रेणीत सांगायचं. शेजारच्या टेबलावरून ऑर्डर सुटली, "दोन मर्कली सात अन् एक पाच द्या भो." मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. रिश्टर आणि मर्कलीतला फरक वर्गात सांगता सांगता माझा घसा बसायचा. रिश्टर भूकंपाची ताकद मोजतं, ती एका भूकंपाला एकच. मर्कली बघते ती ठिकाणावर काय झालं ते: माणसं जागी झाली, भिंतीला तडा गेला की घरच पडलं. म्हणून एकाच भूकंपात तिचा आकडा गावागणिक बदलतो. ठेच्याचंही तसंच. ज्या तुकड्याला मुंबईची माझी भाची नऊ म्हणाली, तो मला जेमतेम पाच वाटला. मेन्यूत पायऱ्या बारा आहेत. खुद्द जुझेप्पे मर्कलीची 1902 ची श्रेणी दहाचीच होती, बारावर ती पुढे इतरांनी नेली. हे मालकाला सांगितलं तर म्हणतो, "बाई, तसंही अकरा-बारा कोणी मागतच नाही."

आता भरताकडे. त्या पिझ्झाचं नाव आर्चिम्बोल्दो. हा सोळाव्या शतकातला मिलानचा चित्रकार, व्हिएन्ना आणि प्रागच्या दरबारात राहिला, आणि फळं-भाज्या रचून माणसांचे चेहरे काढायचा. त्याचा 1563 चा 'उन्हाळा' व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, त्याची छापील प्रत इथे गल्ल्यामागे टांगलीय. नाक काकडीचं, कान मक्याच्या कणसाचा, गळपट्टीवर गव्हाच्या काड्यांत विणलेलं चित्रकाराचं नाव. चष्मा लावून बघितलं, वांगंही आहे! पिझ्झावर सॉसऐवजी भरीत पसरलेलं असतं. हिरव्या पाठीची मोठी वांगी तुराट्यांवर भाजून, हिरवी मिरची-लसूण ठेचून घातलेलं, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. सालीचे काळे कण त्याने काढून टाकलेले नाहीत, म्हणूनच तो धुराचा वास टिकलाय. चीज नावापुरतं. मग मक्याच्या दाण्यांचा कान, मिरचीचं नाक, ढोबळी मिरचीच्या भुवया. चेहरा दर वेळी निराळा येतो. माझ्या पुढ्यात आला तो आमच्या जुन्या मुख्याध्यापकांच्या वळणाचा होता. भरताला तेल सुटतं आणि बेस मधोमध ओला पडतो, तेव्हा फोटो काढत बसू नका.

मेआत्झा हा गार्लिक ब्रेड. 1934 आणि 1938 चे विश्वचषक जिंकणाऱ्या फुटबॉलपटूचं नाव, ब्रेड मात्र कुठेही मिळतो तसाच. संगीतकार व्हेर्दीच्या नावाचा पदार्थ नाही, पण स्पीकरवर त्याचे सूर असतात. संध्याकाळी गर्दी वाढली की त्यांची जागा अहिराणी गाणी घेतात आणि दुकानाला जरा जान येते.

राहता राहिली कोल्ड कॉफी. तिचं नाव मॅझिनी. ज्याचं अर्धंअधिक आयुष्य हद्दपारीत गेलं, ज्याच्यावर सावरकरांनी लिहिलेलं मराठी पुस्तक 1907 साली निघालं आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, त्या इटालियन क्रांतिकारकाच्या नावाने चॉकलेट सॉस ओतलेलं गोडमिट्ट दूध? नाव बदल किंवा कॉफी तरी कडू कर, असं मी त्याला तोंडावर सांगितलंय. अजून दोन्ही तसंच आहे.

दोघांना एक मोठा आर्चिम्बोल्दो आणि दोन ताकं पुरतात. बसायचं तर दाराकडच्या टेबलांवर, आत भट्टीची धग लागते. आणि जायचं ते थंडीतच. भरताची वांगी संपली की तो जांभळ्या वांग्यांवर भागवतो आणि दर मात्र तोच ठेवतो.