एंटरप्राइझच्या इंजिनखोलीपर्यंत नेणारे पुस्तक

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन टेक्निकल मॅन्युअल' हे पुस्तक १९९१ साली पॉकेट बुक्सने प्रसिद्ध केले. रिक स्टर्नबाक आणि मायकेल ओकुडा हे त्याचे लेखक असून 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांची त्याला प्रस्तावना आहे. पुस्तकाचा नायक यानाचा कॅप्टन पिकार्ड नाही, डेटा हा यंत्रमानव अधिकारी नाही, कोणीच माणूस नाही. नायक आहे ते एंटरप्राइझ-डी हे यान : सुमारे ६४० मीटर लांब, ४२ मजल्यांचे, एक हजारांहून अधिक माणसांना घेऊन वर्षानुवर्षे ताऱ्यांमध्ये फिरणारे. त्याचा सांगाडा कशाचा आहे, इंधन कुठे साठवतात, संगणक कसा विचार करतो, एखाद्या मजल्यावरची हवा गेली तर काय करायचे, हे सगळे एखाद्या जहाजावर नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याला समजावून सांगावे अशा गंभीर भाषेत येथे सांगितले आहे. अस्तित्वात नसलेल्या यंत्राची ही माहितीपुस्तिका मी गेल्या महिनाभरात दोनदा वाचली, आणि अंतराळयानांच्या खाचाखोचांवर जीव टाकणाऱ्या प्रत्येकाकडे ती असावी असे माझे ठाम मत झाले आहे.

माझी प्रत जुनी आहे. ज्या विक्रेत्याकडून ती मागवली त्याने 'उत्तम स्थितीत, आत कोणतीही खूण नाही' असे लिहिले होते. प्रत्यक्षात पाकीट उघडले तेव्हा मधली सात-आठ पाने बांधणीतून सुटून हातात आली, आणि आधीच्या मालकाने अनेक ठिकाणी समासात पेन्सिलीने हिशेब केलेले दिसले. सुटलेल्या पानांचा राग मला अजून आहे, कारण पुस्तक पाठवण्याआधी एकदा उघडून पाहणे काही अवघड नव्हते. पेन्सिलीच्या हिशेबांविषयी मात्र माझी काहीच तक्रार नाही. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

या पुस्तकाचा जन्म वाचकांसाठी झालाच नव्हता, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. स्टर्नबाक आणि ओकुडा हे दोघे मालिकेच्या कला विभागात काम करत आणि तांत्रिक बाबतींत सल्ला देत. दर आठवड्याला नवा लेखक यायचा, त्याला यानाचे इंजिन बंद पाडायचे असायचे किंवा एखाद्याला बीम करून, म्हणजे कण सुटे करून किरणावाटे, आणायचे असायचे, आणि गेल्या भागात काय ठरले होते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसायचे. म्हणून या दोघांनी लेखकांच्या वापरासाठी एक अंतर्गत टिपण तयार केले, आणि त्याचाच विस्तार होऊन हे पुस्तक झाले. दोघांची पार्श्वभूमीही समजून घेण्यासारखी आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या १९८० सालच्या 'कॉसमॉस' या विज्ञानमालिकेच्या चित्रकारांत स्टर्नबाक होते, तर यानाच्या पडद्यांवर दिसणारी ती गोलसर कडांची, केशरी-जांभळ्या पट्ट्यांची रचना ओकुडा यांची आहे. चाहते त्या पटलांना प्रेमाने 'ओकुडाग्राम' म्हणतात. विज्ञानाचा आदर आणि कथेची निकड या दोन्ही गोष्टी रोज हाताळणाऱ्या माणसांनी हे लिहिले आहे, आणि ते पानोपानी जाणवते.

पुस्तकाचा प्राण म्हणजे यानाला प्रकाशाहून वेगाने नेणाऱ्या वॉर्प इंजिनावरचे प्रकरण. त्यातला एक आलेख मी कितीदा पाहिला असेन याची गणती नाही. आडव्या अक्षावर वॉर्पचे अंक आणि उभ्या अक्षावर वेग व लागणारी शक्ती अशी त्याची मांडणी आहे. वेगाची रेषा सुरुवातीला शांतपणे चढत जाते आणि नवाच्या पुढे एकदम उभी होते, कारण वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, आणि तिथे कोणतेही यान पोहोचू शकत नाही. शक्तीची रेषा मात्र करवतीच्या दात्यांसारखी आहे. एका पूर्णांकाकडून दुसऱ्याकडे जाताना लागणारी शक्ती वाढत वाढत जाते, उंबरठा ओलांडला की एकदम खाली येते, आणि पुन्हा चढू लागते. म्हणजे वॉर्प ६ वर स्थिर राहणे हे त्याच्या किंचित खाली रेंगाळण्यापेक्षा स्वस्त पडते. मालिकेत कप्तान सहसा पूर्णांकातच वेग का सांगतो, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आला होता. लिहिणाऱ्याची सोय एवढेच त्याचे उत्तर असेल असे मी धरून चाललो होतो. या एका रेषेने त्या सोयीला यंत्राचे कारण मिळवून दिले.

याच पानावर आधीच्या मालकाची पेन्सिल सर्वांत जास्त चालली आहे. पुस्तकानुसार वॉर्प ६ म्हणजे प्रकाशाच्या ३९२ पट वेग. त्या अज्ञात माणसाने अल्फा सेंटॉरीचे सुमारे ४.३७ प्रकाशवर्षांचे अंतर घेऊन भागाकार केला आहे आणि खाली 'चार दिवस' या अर्थाचा आकडा लिहून त्याला गोल केला आहे. मी हिशेब ताडून पाहिला. तो बरोबर आहे. मग मलाही राहवले नाही. यानाची कमाल मर्यादा वॉर्प ९.६ अशी दिली आहे, म्हणजे प्रकाशाच्या १,९०९ पट, आणि हा वेग फक्त बारा तास टिकवता येतो. बारा तासांत त्या वेगाने सुमारे २.६ प्रकाशवर्षे कापली जातात. याचा अर्थ असा की एंटरप्राइझ जिवाच्या आकांताने पळाली, तरी एका दमात सूर्यापासून सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतही पोहोचत नाही. आपल्या आकाशगंगेचा व्यास एक लाख प्रकाशवर्षे धरला, तर हाच वेग अखंड ठेवूनही ती ओलांडायला बावन्न वर्षे लागतील.

मला या पुस्तकाचे मोठेपण दिसते ते नेमके इथे. यान किती थोर आहे हे सांगण्यात लेखकांना फारसा रस नाही. त्याला काय जमत नाही हे ते काळजीपूर्वक नोंदवतात. वेगाचे आकडे ठरवताना यान फार वेगवान केले तर आकाशगंगा अंगणाएवढी होईल आणि फार मंद केले तर आठवड्याच्या आठवड्याला नव्या ग्रहावर पोहोचताच येणार नाही, ही अडचण त्यांनी टिपेत स्पष्टपणे मांडली आहे. दोन्ही बाजू सांभाळून त्यांनी मधला रस्ता काढला. मर्यादा ठरल्या की संकटाला वजन येते. 'बाराच तास' हे माहीत असलेला प्रेक्षक पाठलागाचे दृश्य वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. आम्हा चाहत्यांना आकड्यांचा कीस काढणारे म्हणून नावे ठेवली जातात, पण तो कीस काढता येतो याचे कारण कोणीतरी आधी आकडे प्रामाणिकपणे बांधून ठेवले आहेत.

शस्त्रांच्या प्रकरणात मी तितका रमलो नाही. फोटॉन टॉर्पेडोत कमाल दीड किलो प्रतिद्रव्य (अँटिमॅटर) असते, एवढा एक तपशील मात्र मनात राहिला. दीड किलो प्रतिद्रव्य तेवढ्याच द्रव्याशी भिडले तर निघणारी ऊर्जा सुमारे ६४ मेगाटन भरते. सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये केलेला आजवरचा सर्वांत मोठा अणुस्फोट साधारण ५० मेगाटनांचा होता. पडद्यावर लाल ठिणगीसारखे दिसून जाणारे ते टॉर्पेडो यानंतर मला तसे दिसणार नाहीत.

ट्रान्सपोर्टरचे प्रकरण मात्र सावकाश वाचण्याजोगे आहे. माणसाचे कण सुटे करणे, त्यांचा आराखडा काही काळ साठवून ठेवणे, किरणाच्या कवचातून तो प्रवाह ४०,००० किलोमीटरपर्यंत पाठवणे आणि पलीकडे पुन्हा माणूस उभा करणे, असा सगळा क्रम पायरीपायरीने दिला आहे. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार कणाचे स्थान आणि संवेग एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत, मग माणसाची अचूक नोंद होणार तरी कशी? यासाठी या यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा भाग बसवला आहे. तो कसा चालतो असे एकदा विचारले असता ओकुडा यांनी तो फार छान चालतो एवढेच सांगून आभार मानले होते, हा किस्सा चाहत्यांत प्रसिद्ध आहे. मला हे उत्तर पळवाटेचे वाटत नाही. निसर्गनियम कुठे आडवा येतो हे लेखकांना नेमके ठाऊक होते, आणि जिथे तो मोडावा लागला तिथे त्यांनी तो भाग नाव देऊन दाखवला. न सांगता नियम मोडणारी विज्ञानकथा आणि सांगून मोडणारी विज्ञानकथा यांत फार अंतर असते.

मजकुराच्या अधूनमधून लेखकांच्या वेगळ्या टिपा येतात, आणि त्यांत ते यानावरून उतरून स्टुडिओत येतात. दर भागात एवढे मोठे यान ग्रहावर उतरवणे साठच्या दशकातल्या मूळ मालिकेच्या खर्चात बसणारे नव्हते, म्हणून ट्रान्सपोर्टर जन्माला आला, अशा गोष्टी त्यांतून कळतात. इंजिनखोलीतल्या भिंतीवर यानाचा जो मोठा उभा छेद लावलेला असे, त्यात कला विभागाने गुपचूप एक बदक आणि एक उंदीर काढून ठेवले होते, तेही चाहते आजतागायत शोधत असतात.

तपशील किती दूर जाऊ शकतो याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण डॉल्फिनचे आहे. यानाच्या दिशादर्शनाच्या व्यवस्थेत डॉल्फिन आणि देवमासे यांचा सल्ला घेतला जातो, असे या पुस्तकात अगदी सहजपणे, शास्त्रीय नावांसह लिहिले आहे. त्यातल्या एका काल्पनिक जातीला 'ताकाया' हे नाव दिले आहे. ते 'गनबस्टर' या जपानी अ‍ॅनिमेच्या नायिकेचे आडनाव असून स्टर्नबाक त्या कलाप्रकाराचे चाहते आहेत. मालिकेत या विभागाचा उल्लेख ध्वनिक्षेपकावरच्या एका घोषणेपुरता ऐकू आला. पुस्तक वाचणाऱ्यांनी मात्र तो विसरला नाही, आणि २०२१ साली स्टार ट्रेकच्याच 'लोअर डेक्स' या अ‍ॅनिमेटेड मालिकेत दुसऱ्या एका यानावरचा तो पाण्याने भरलेला विभाग अखेर पडद्यावर दिसला. पुस्तक निघाल्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

संकटकाळी बशीच्या आकाराचा पुढचा भाग वेगळा करून ग्रहावर उतरवण्याची कार्यपद्धतीही येथे दिलेली आहे. १९९४ च्या 'जनरेशन्स' चित्रपटात हीच बशी जंगल तुडवत जमिनीवर घसरत जाते, तेव्हा ज्यांनी हे प्रकरण वाचले होते त्यांच्या मनात काय झाले असेल याची मला कल्पना करता येते.

आता उणिवांकडे. आकृत्या एकरंगी आहेत आणि पुष्कळ ठिकाणी फार लहान; एवढ्या यानाचा छेद एका पानात कोंबला की खोल्यांची नावे वाचायला भिंग लागते. मजल्यांचे संपूर्ण नकाशे येथे नाहीत. ते हवे असतील तर स्टर्नबाक यांनीच १९९६ साली काढलेला आराखड्यांचा संच मिळवावा लागतो, आणि तो मोठ्या घडीच्या कागदांवर असल्यामुळे डोळ्यांना सुखाचा आहे. १९७५ साली फ्रांझ जोसेफ यांनी मूळ एंटरप्राइझचे जे आराखडे व पुस्तिका प्रसिद्ध केली होती, त्यांतल्या रेषांची सफाईही येथे मला कमी वाटली. जोसेफ विमान उद्योगात आरेखनाचे काम केलेले गृहस्थ होते आणि त्यांचा हातच वेगळा होता. शिवाय संगणकावरच्या प्रकरणात एकामागून एक अशी घडवलेली नावे येतात की एखादे वाक्य तीनदा वाचूनही हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट कडव्या चाहत्यांनी आधीच मनाशी ठरवून घ्यावी. पडद्यावर जे दिसते तेच 'कॅनन', असा स्टार ट्रेकमधला सर्वसाधारण नियम आहे, आणि त्या हिशेबाने हे पुस्तक अधिकृत पुरावा ठरत नाही. मालिकेच्या काही भागांत अंतराळयाने येथील वेगाच्या तक्त्याला न जुमानता धावतात. मला त्याचा त्रास होत नाही. यानाच्या प्रतिकृतीही एकसारख्या नव्हत्या : १९८७ मध्ये सहा फुटी प्रतिकृती वापरली तेव्हा 'टेन फॉरवर्ड' हा उपाहारकक्ष कोणाच्या डोक्यातही नव्हता, आणि त्याच्या खिडक्या बशीच्या कडेला आल्या त्या तिसऱ्या पर्वासाठी बनवलेल्या चार फुटी प्रतिकृतीवर. बाह्यकवचावरच्या पट्ट्यांचा उठाव पाहून हे दृश्य कोणत्या प्रतिकृतीचे आहे हे ओळखणारे लोक आहेत, आणि मी आता त्यांच्यात सामील होण्याच्या वाटेवर आहे.

ज्याने मालिका पाहिलेलीच नाही त्याने हे पुस्तक घेऊ नये; आधी तिसरे पर्व पाहावे. ज्याला पात्रांत रस आहे आणि इंजिनात नाही, त्यालाही ते जड जाईल. पण इंजिन बंद पडले म्हणजे नेमके काय बंद पडले, हा प्रश्न ज्याला एकदा तरी पडला आहे, त्याने चांगली बांधणी असलेली प्रत शोधून घ्यावी आणि विक्रेत्याकडून आतल्या पानांची छायाचित्रे आधी मागवावीत. माझी प्रत मी बाइंडरकडे शिवायला दिली आहे. आलेखाच्या पानाची शिवण समासात फार आत घेऊ नका, तिथे पेन्सिलीने लिहिलेला चार दिवसांचा हिशेब आहे, असे त्यांना दोनदा सांगून आलो आहे.